प्रश्नकर्तीचा दोष

माझ्या जुळ्याला कुणी विचारलं, रोज पालेभाजी खातेस का, तर ते बिनदिक्कत 'हो' म्हणतं. मीही तेच म्हटलं असतं. खरं काय ते आईला विचारा.

जुळं म्हणजे खरोखरची बहीण नव्हे. शेवटची घरोघर फिरून केलेली जनगणना झाली तेव्हा मी बालवाडीत होते. त्यानंतर सरकारच्या लक्षात आलं, की माणसाला विचारायला जाणं फार महाग पडतं. माणूस घरी नसतो, असला तर जेवत असतो, आणि जेवण झालेलं असलं तर दारातला कुत्रा मोकळा असतो. मग यंत्र आलं. तुमचं रेशन, वीजबिल, दवाखान्याचे कागद, शाळेचे दाखले आणि आजवर सरकारला दिलेली एकूण एक उत्तरं ते वाचतं, आणि त्यातून तुमची आकड्यांची प्रतिकृती तयार करतं. तिला प्रश्न विचारला की तुम्ही जे उत्तर दिलं असतं तेच ती देते. कागदोपत्री तिचं नाव 'प्रतिउत्तर'. आमच्या इनामपुरात सगळे तिला जुळं म्हणतात. भांडणातसुद्धा. "तुझ्याशी कशाला बोलू, तुझ्या जुळ्याशी बोलते की!" असं.

आणि मला संख्याशास्त्रज्ञ व्हायचं आहे.

हे वाक्य मी ज्याला त्याला सांगत सुटले होते. मावशीने विचारलं, "म्हणजे बँकेत का?" मी म्हटलं, मावशी, भाजीवाला वरच्या थरात लालबुंद टोमॅटो मांडतो की नाही? तू वरचे दोन दाबून बघतेस, किलोभर घेतेस, आणि घरी येऊन शिव्या घालतेस. संख्याशास्त्रज्ञ म्हणजे टोपलीत खोल हात घालून टोमॅटो काढणारी बाई. मावशी म्हणाली, "एवढ्यासाठी शिकायला जायचं?"

हो, जायचं! कारण खोल हात नेमका किती, कुठे आणि किती वेळा घालायचा, हे ठरवण्यात सगळी गंमत आहे. मूठभर माणसांना विचारून लाखांबद्दल बोलायचं, आणि आपण कितपत चुकू शकतो तेही आधीच सांगून ठेवायचं. इतकं प्रामाणिक शास्त्र दुसरं मला माहीत नाही. स्वतःची चूक स्वतःच मोजणारं!

तर अकरावीच्या सुट्टीत मी जनमापन केंद्रात पडताळक झाले. माझी मैत्रीण मिस्बाह बागवानही झाली, पण ती म्हणते तिथे एसी आहे म्हणून. जुळी बरोबर उत्तरं देतात का, हे बघायला गावातल्या काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या आणि तिथे घरोघर जाऊन खऱ्या माणसाला विचारायचं, हे आमचं काम. जुळ्याचं उत्तर आणि माणसाचं उत्तर जितक्या वेळा सारखं येतं, ती जुळणी. आमच्या तालुक्याची जुळणी राज्यात सगळ्यात वर होती. केंद्राच्या प्रमुख, तनुजा घारे मॅडम, हे सांगताना कधी हसायच्या नाहीत, आणि त्यामुळे त्या मला जास्तच भारी वाटायच्या. त्यांच्या हातात एक गोष्ट होती. राज्याच्या निवासी संख्याशास्त्र अभ्यासक्रमासाठी आमच्या केंद्रातून एका मुलीची शिफारस जाणार होती. फी नाही, राहणं फुकट, आणि समोर खरे संख्याशास्त्रज्ञ शिकवायला.

"तूच जाणार," मिस्बाह म्हणायची. "तुझ्याएवढी येडी दुसरी कोण आहे?"

पहिला आठवडा मी नुसती उडत होते. टॅबवर जुळ्याचं उत्तर लिहून यायचं, मी दारात उभी राहून ते वाचायचे. "घरात गॅस आहे. बरोबर?" "बरोबर." "पाणी उकळून पिता. बरोबर?" "बरोबर." टप टप टप. दुपारपर्यंत गल्ली संपायची.

मग बायाक्कांचं घर आलं. माडीवरची एक खोली. त्यांनी जन्मभर कांड्या भरल्या, म्हणजे मागाला लागणारं सूत मशीनवर गुंडाळून दिलं. मी वाचलं, "चालताना, चढताना दम लागत नाही. बरोबर?"

"बरोबर, बाळा. चहा घेतीस?"

चहा घेतला. मग त्या मला सोडायला जिन्यातून खाली निघाल्या, मी नको म्हणत असताना. अर्ध्या जिन्यात खाली बसल्या. कठडा धरून, तोंड उघडं ठेवून. ओठ निळसर झाले होते.

"बायाक्का! दम लागतो की तुम्हाला!"

"आता लागतोय की," त्या जरा वेळाने म्हणाल्या.

"मग मघाशी बरोबर का म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी उद्धट विचारलंय. "आगं, तूच म्हणालीस की लागत न्हाई म्हणून. एवढी उन्हातनं आलेली पोर. तुला खोटं कशाला पाडू?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि टॅबवर त्यांच्यापुढे 'दम लागतो' लिहिलं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाचं मन मोडत नाहीत. त्याने म्हटलं ऊन लई हाय, तर आपण म्हणतो लई हाय. आणि आम्ही सगळे पडताळक दारोदार जाऊन उत्तर वाचून दाखवत होतो आणि लोक मान डोलवत होते. आमची जुळणी राज्यात पहिली होती, कारण आमची माणसं राज्यात सगळ्यात सभ्य होती.

हे मला गमतीदार वाटलं असतं, पण त्याच आठवड्यात केंद्राच्या फलकावर यादी लागली. जुन्या जकात नाक्याजवळचा छातीचा दवाखाना 'गरज नसलेल्या सेवां'मध्ये होता. इनामपुरात दम्याचे, छातीचे रुग्ण जवळपास नाहीतच, असं जुळ्यांचं म्हणणं. सोमवारी निर्णय.

त्याच दवाखान्यातून माझ्या पप्पांचा श्वासाचा पंप येतो.

पप्पा, दिगंबर म्हेत्रे, जॉबर आहेत. माग बिघडला की जॉबरला बोलावतात. तो मागाखाली सरपटत शिरतो आणि दुरुस्त करतो, आणि सुताची धूळ सगळ्यात दाट तिथेच बसलेली असते. वर्षानुवर्षं ती छातीत जाते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळते, हे या आजाराचं लक्षण मी वाचलं ते नंतर. घरी मात्र आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, की सुट्टीनंतरच्या दिवशी पप्पांशी बोलायचं नाही, त्यांना उत्तर द्यावं लागेल असं काही विचारायचं नाही.

आता संख्याशास्त्रज्ञ काय करतो? बोंब मारत नाही. प्रयोग करतो!

मी प्रत्येक दारात नाणं उडवायला लागले. छापा आला तर नेहमीसारखं वाचायचं. काटा आला तर टॅब पाठीमागे धरायचा आणि मोकळं विचारायचं, "जिना चढून आलात की कसं वाटतं?" नाणं अशासाठी, की कुणाला कसं विचारायचं ते मी निवडलं असं कुणी म्हणू नये. दोन्ही गटांत तीच गल्ली, तेच माग, तीच धूळ. फरक फक्त प्रश्नाचा.

छाप्याच्या घरांत जवळजवळ सगळे ठणठणीत. काट्याच्या घरांत तीन माणसांमागे एक जण मागाच्या धुळीने दमलेला. आणि बोलायला लागले की थांबतच नव्हते. एका आजोबांनी उशीखालचा पंप काढून दाखवला. एक बाई म्हणाली, "एवढ्या वर्सांत हे कुणी इचारलंच न्हाई," आणि मग माझ्यावरच चिडली.

मी पळत पळत घारे मॅडमच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं त्या उभ्या राहतील. त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी माझे आकडे दोनदा बघितले, मग स्वतःचा पडदा माझ्याकडे वळवला.

"म्हेत्रे, प्रश्नकर्त्याचा दोष म्हणजे काय?"

हे मला पाठ होतं. "विचारणाऱ्यामुळे उत्तर बदलतं तो दोष. कुणी घाई करतं, कुणी आवाज चढवतं, त्यामुळे एकाच पडताळकाच्या घरांत वेगळीच उत्तरं येतात. मग ज्याचे आकडे बाकीच्यांपेक्षा वेगळे येतात त्याचा दोष काढून तेवढा वजा करतात."

"बरोबर. आता वाच."

पडद्यावर आमच्या तालुक्यातल्या सगळ्या पडताळकांची नावं होती. सगळ्यांपुढे शून्याच्या आसपासचे आकडे. माझ्या नावापुढे मोठा, लाल.

"चाळीसेक मुलं एक सांगतात. तू एकटी दुसरं सांगतेस. यंत्राने काय करावं?"

"पण मॅडम, ते चाळीस जण एकच चूक करतायत!"

"असेल. यंत्राला ते दिसायचा मार्ग नाही. ते बहुमताला शून्य मानतं. कुठेतरी शून्य मानावंच लागतं ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू आणलेले रुग्ण त्याने तुझ्या दोषात घातले आणि वजा केले. इनामपुरात ते नाहीत आता."

मला बायाक्का जिन्यात बसलेल्या दिसत होत्या. त्या नाहीत आता.

"तुम्ही वर कळवा ना, मॅडम."

"कालच कळवलं. टॅबवरचे तुझे आकडे मला दिसतच होते. वरून माझ्या जुळ्याचं मत मागवलं गेलं. ते म्हणालं, उत्साही मुलगी आहे, पद्धत कच्ची आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी सहा महिन्यांपूर्वी असंच म्हटलं असतं. ते मला सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ओळखतं."

खोलीतला एसी एकदम जास्त गार वाटला.

"शिफारस सोमवारीच जायची आहे," त्या म्हणाल्या. "एवढा लाल आकडा असलेल्या मुलीची पाठवता येत नाही. काट्याच्या घरांत परत जा. रीतसर वाचून विचार. आकडा खाली येईल. तिथे जाऊन खरी संख्याशास्त्रज्ञ हो आणि मग हे सगळं बदल. इथे राहून काय बदलणार आहेस?" मग त्यांनी पडद्यावरची एक ओळ दाखवली. माझ्या जुळ्याला आधीच विचारून झालं होतं. पुन्हा विचारायला जाशील का? जाईन.

मी म्हटलं, मुळीच जाणार नाही. बाहेर आले, जिन्यात पाणी प्यायले, आणि गेले.

गेले खरी. हे लिहिताना माझे कान तापतायत, पण मी गेले. टॅब छातीशी धरून काट्याच्या एकेका दारात उभी राहिले आणि वाचलं. "दम लागत नाही. बरोबर?" उशीखाली पंप ठेवणाऱ्या आजोबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टॅबकडे. त्यांना वाटलं असणार, परवा आपलंच काहीतरी चुकलं. "बरोबर, ताई," ते म्हणाले. परवा बाळ म्हणाले होते. बायाक्कांच्या माडीवर मात्र मी चढले नाही. खाली उभी राहून हाक मारली. वरून आवाज आला, "बरोबर लिही गं, काय असंल ते!"

दिवस संपेपर्यंत माझा आकडा लालचा पिवळा झाला होता.

त्याच दिवशी केंद्राने टॅबमध्ये नवी सोय घातली होती, पडताळणी लवकर उरकावी म्हणून. प्रश्न वाचला, किंवा तो नुसताच थोडा वेळ पडद्यावर राहिला, तरी एक वर्तुळ भरत जायचं. ते भरायच्या आत माणूस बोलला तर त्याचं उत्तर. नाही बोलला तर जुळ्याचं उत्तर त्याचंच म्हणून धरलं जाणार, आणि टॅब पुढच्या घरावर जाणार. आवाजही त्याच माणसाचा लागायचा. घरातलं दुसरं कुणी बोललेलं चालायचं नाही.

रविवारी संध्याकाळी मिस्बाह आमच्या दारात उभी. स्वतःच्या घराची पडताळणी स्वतः करता येत नाही, म्हणून आमची गल्ली तिच्याकडे होती. आई पाळीवर होती. मागांची शनिवारची सुट्टी संपून पप्पा पहिली पाळी करून आले होते आणि खुर्चीत पुढे वाकून बसले होते, हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत आलेले. ते असे बसले की आम्ही घरात चप्पलसुद्धा आवाज न करता काढतो.

"काका, पटकन उरकू," मिस्बाह म्हणाली. "तुमच्या घरातली येडी जाणार एकदाची. मला शांतता मिळणार."

"जाऊ दे बाई," पप्पा म्हणाले. शब्दाशब्दाला थांबून, पण हसून. "हिचं... टोमॅटोचं कीर्तन... ऐकून कान किटलं."

मिस्बाह वाचत गेली. गॅस. बरोबर. पाणी. बरोबर. मग ती जरा अडखळली. तिला सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तरी तिने वाचलं, कारण पडद्यावर तेच होतं.

"चालताना, चढताना दम लागत नाही. बरोबर, काका?"

वर्तुळ भरायला लागलं.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, ते काय म्हणणार आहेत, आणि का. केंद्रात माझा आकडा लाल झाला होता हे गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, त्यांनाही, आणि आपल्या 'चूक'ने तो पुन्हा लाल होईल असं त्यांना वाटत होतं. आणि मालकाच्या माणसाने विचारलं तरी ते हेच म्हणायचे, डॉक्टरांनी विचारलं तरी आधी हेच, मी विचारलं तरी हेच. "ठीक हाय." जुळं खोटं बोलत नव्हतं. ते पप्पांसारखंच बोलत होतं. पप्पांनी जन्मभर जे सांगितलं ते त्याने शिकून घेतलं होतं, आणि पप्पा मागाखालून बाहेर आल्यावर भिंत धरून उभे राहायचे, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी गावभर दारं ठोठावली आणि आमच्या घरात कधी विचारलं नाही.

"पप्पा, माझ्यासाठी बरोबर म्हणू नका," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मला नाही जायचं तसं. जे होतंय ते सांगा."

"सोमवारी... तुझं..."

"सोमवारी दवाखानापण आहे! तुम्हाला काय होतं ते सांगा ना!"

मग त्यांनी मान हलवली, एकदा, हळू, जसं माग तपासून झाल्यावर हलवतात, सापडला बिघाड म्हणून. त्यांनी तोंड उघडलं. ते सांगणार होते. माझी खात्री आहे, आणि खात्री हा शब्द मी सहसा वापरत नाही.

पण आधी खोकला आला.

खोलातून आला, आणि थांबेना. ते पुढे वाकले, एक हात हवेत, थांब, सांगतो, अशा अर्थाने. मिस्बाह टॅब डाव्या हातात धरून उजव्या हाताने त्यांची पाठ चोळायला लागली. मी फळीवरून पंप काढला. वर्तुळ भरत होतं. "थांब, थांब," मिस्बाह टॅबला म्हणत होती, लहान पोराला म्हणावं तसं. "काका, नुसतं चूक म्हणा, एवढंच म्हणा!" पप्पांनी ओठांनी 'च' केला. हवा आली नाही.

वर्तुळ भरलं. टॅब मंजूळ वाजला.

श्री. दिगंबर म्हेत्रे. दम लागतो का: नाही. प्रतिसादाबद्दल आभार.

मी पप्पांच्या तोंडाला पंप लावला. एकदा दाबला, त्यांनी ओढला. पुन्हा दाबला. शिट्टीसारखा आवाज येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि तो जरा जरा मोकळा होत गेला. मिस्बाह रडत होती आणि त्याच वेळी टॅबवर मागे जायचं बटण शोधत होती. मागे जायचं बटण नव्हतं. तिने दोनदा बोट आपटलं, मग टॅब जमिनीवर पालथा टाकला आणि पप्पांच्या खुर्चीसमोर मांडी घालून बसली. ओढणीने तोंड पुसलं.

"काका," ती म्हणाली, "सावकाश सांगा. आम्ही थांबतोय."

मीही तिच्याशेजारी बसले. पप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास गोळा करायला लागले. फार वेळ लागणार होता. आम्ही थांबलो. पालथ्या पडद्याच्या कडेने फरशीवर उजेड सांडत होता आणि टॅब थोड्या थोड्या वेळाने मंजूळ वाजत होता. आमच्या पुढचं घर, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. कुणीही दार न ठोठावता आमची सगळी गल्ली एकेक करून ठणठणीत होत चालली होती.